आतली भोकं कोण मोजणार?

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. नाव शेजारच्या शहराचं, जमीन रायगडची. पेण-पनवेलच्या माणसाला विमान आता लांबची गोष्ट राहिलेली नाही.

तिथून उडणारी बरीच विमानं इंडिगोची, आकासाची, एअर इंडिया एक्स्प्रेसची. त्यांतल्या कितीतरी विमानांना लीप नावाचं इंजिन आहे. त्या इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलचं टोक छापलेलं असतं.

होय, छापलेलं. थ्रीडी प्रिंटरवर, धातूच्या पावडरीपासून.

पूर्वी हे टोक वीस तुकडे जोडून तयार व्हायचं. आता ते एकसंध निघतं. वजन पाव हिश्श्याने कमी, टिकाऊपणा पाचपट. 2016 पासून ही इंजिनं प्रवासी घेऊन उडताहेत. 2021 मध्ये अमेरिकेतल्या ऑबर्नच्या कारखान्यातून जीई या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने एक लाखावं टोक बाहेर काढलं.

ते छापायला किती वेळ लागतो, हे सगळे विचारतात. ते विमानात बसवण्याची परवानगी मिळवायला काय काय सिद्ध करावं लागलं, हे कोण विचारतं?

विचारायला हवं. न विचारल्यावर काय होतं, ते ग्लॉस्टरशरला दिसलं.

18 मार्च 2025. इंग्लंडमधल्या या विमानतळावर कोझी मार्क फोर जातीचं छोटं विमान उतरत होतं. हौशी लोक घरी बांधतात, त्यातलं. ऐन उतरताना इंजिनची ताकद गेली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. वैमानिक किरकोळ जखमांवर बचावला.

तपासात काय सापडलं? इंजिनला हवा पुरवणारा प्लॅस्टिकचा एल्बो. थ्रीडी प्रिंटरवर छापलेला, अमेरिकेतल्या विमानांच्या जत्रेत विकत घेतलेला. तो गरम होऊन मऊ पडला आणि मिटला. हवा बंद, इंजिन बंद.

मालकाची समजूत होती की हे प्लॅस्टिक 105 अंश सेल्सिअसपर्यंत कडक राहतं. तपास यंत्रणेने नमुने तपासले. एक 52.8 अंशाला मऊ पडायला लागला, दुसरा 54 अंशाला.

निम्म्यावर.

54 अंश म्हणजे किती? मे महिन्यात पेणच्या एसटी स्टँडबाहेर काचा बंद करून गाडी उभी करा. डॅशबोर्ड त्याहून जास्त तापतो. आणि ही वस्तू बसवली होती इंजिनाच्या शेजारी! एक तुकडा कापून तापवला असता, तर त्याच दिवशी कळलं असतं.

डोळ्यांनी बघून मात्र कधीच कळलं नसतं. छापलेल्या वस्तूची अडचण ती हीच.

आता घराजवळ या. पेण तालुक्यात डोलवी. धरमतर खाडीच्या काठी जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना, वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा. पोलादासोबत कागद निघतो. त्यावर हीट नंबर, रासायनिक घटक, ताण देऊन केलेल्या चाचणीचे आकडे. फॅब्रिकेशनवाले त्याला टीसी म्हणतात. जबाबदारीचं काम असेल, तर टीसी नसलेला माल दारातूनच परत जातो.

ही व्यवस्था चालते, कारण धातू आधी बनतो आणि वस्तू नंतर. पोलाद गिरणीत तपासलं गेलं. पुढे ते कुणी कापलं, वाकवलं, भोक पाडलं, तरी मूळ धातूला जामीन आहे.

छापलेल्या भागाला हा जामीन मिळत नाही. पावडरीचा थर पसरतो, त्यावरून लेझर फिरतो, पावडर वितळते आणि थिजते. मग पुढचा थर. धातू आणि वस्तू एकाच क्षणी जन्माला येतात. टीसी कुणाचा घेणार?

पावडरीचा टीसी मिळेल. पण उडणार आहे ती वस्तू, पावडर नाही.

एक थर साधारण 0.04 मिलिमीटरचा. दहा सेंटिमीटर उंचीच्या भागात अडीच हजार थर. एखाद्या थरावर लेझर कमी पडला, तर दोन थर नीट जुळत नाहीत आणि आत चपटी फट राहते. जास्त पडला, तर धातू उकळतो आणि बुडबुडा अडकतो. पावडर दमट असेल, अनेकदा वापरून झालेली असेल, ती पसरवणाऱ्या पात्याला एका जागी खाच पडली असेल, यंत्रातला वायू एका कोपऱ्यात मंद वाहत असेल, तर एकाच यंत्रातून एकाच दिवशी निघालेले दोन भाग सारखे नसतात.

फाइल तीच, यंत्र तेच, भाग वेगळा. आणि आपल्याला वाटतं की फाइल मिळाली म्हणजे भाग मिळाला.

शाडूची मूर्ती घाईने उन्हात वाळवली तर तडकते, हे पेणच्या गणपती कारखान्यातल्या नवख्या पोरालाही ठाऊक असतं. धातूचं तसंच आहे. लेझरखाली क्षणात वितळलेला आणि क्षणात थिजलेला धातू आतून ओढलेला राहतो. भट्टीत घालून तो ताण उतरवावा लागतो. आतल्या फटी मिटवायला तापलेल्या वायूच्या प्रचंड दाबाखाली तो भाग ठेवावा लागतो.

मूर्तीचा तडा निदान दिसतो.

धातूच्या आतलं बघायला सीटी स्कॅन आहे. तो मोठे बुडबुडे दाखवतो. जाड धातूतली कागदासारखी पातळ फट त्यातूनही निसटते. थकलेल्या धातूचा तडा सुरू होतो तो नेमका अशाच फटीपासून.

मग खात्री कशी करायची? एकच मार्ग. छापायचं आणि तोडायचं. पुन्हा छापायचं, पुन्हा तोडायचं.

किती वेळा? विमानविद्येत याचं उत्तर अंदाजाने देत नाहीत. शंभरातले किमान 99 तुकडे अमुक एका ताकदीपेक्षा कमी नाहीत, असं 95 टक्के खात्रीने म्हणायचं आहे. आकडे कसे विखुरलेत याबद्दल काहीच गृहीत धरायचं नाही. तर लागतात 299 तुकडे. विश्वास नसेल तर मोबाइलवर गणित करा. 0.99 ला स्वतःनेच गुणत जा. 298 व्या घाताला उत्तर 0.05 च्या जरासं वर राहतं, 299 व्याला खाली येतं.

आकडे कसे विखुरतात ते ठाऊक असेल, तर कमी तुकड्यांत भागतं. पण ते ठाऊक करून घ्यायलाही आधी तुकडेच तोडावे लागतात.

आणि हा हिशेब एका गुणधर्माचा, एका तापमानाचा, एका दिशेचा. उभा छापलेला तुकडा आणि आडवा छापलेला तुकडा वेगवेगळ्या ताकदीचे निघू शकतात. थंडीत एक आकडा, इंजिनच्या धगीत दुसरा. एकदा जोर लावून तोडणं वेगळं. लाखो वेळा हलका ताण देऊन थकवणं वेगळं. ही दुसरी चाचणी एकेका तुकड्यावर दिवसचे दिवस चालते.

तिच्या उद्घाटनाला कुणी येत नाही.

यंत्राच्या उद्घाटनाला सगळे येतात. फीत, नारळ, फोटो, दुसऱ्या दिवशी बातमी. 'देशात प्रथमच छापला अमुक भाग.' त्या बातमीत 'किती तुकडे तोडले' हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?

9 मे 2024 ला महेंद्रगिरीत इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं इंजिन 665 सेकंद चालवून दाखवलं. चौदा भागांचा एक झाला, वेल्डिंगचे एकोणीस जोड गेले. एका इंजिनासाठी आधी 565 किलो धातू लागायचा, आता 13.7 किलो पावडर पुरते. छाती भरून यावी असंच हे काम आहे. त्याच महिन्याच्या 30 तारखेला चेन्नईच्या अग्निकुलने एकसंध छापलेल्या इंजिनावर श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडवलं. त्या पोरांना सलाम.

पण लगेच 'आता विमानंही छापू' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. 665 सेकंद म्हणजे अकरा मिनिटं आणि पाच सेकंद. हे इंजिन एकदाच उडतं, आत माणूस नसतो. प्रवासी विमानाचं इंजिन दिवसातून कित्येकदा तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं. वर्षानुवर्षं. आणि विमानात पावणेदोनशे माणसं बसलेली असतात.

रॉकेटला शाबासकी लागते. विमानाला इतिहास लागतो.

तो इतिहास जगात कसा जमला, तेही पाहा. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाने 2015 मध्ये जीईच्या ज्या छापलेल्या भागाला परवानगी दिली, तो इंजिनमधल्या एका संवेदकाचं घर होता. मुठीएवढी वस्तू. हजारो कोटींचा पसारा असलेल्या कंपनीने सुरुवात तिथून केली. लीपचं टोक त्यानंतर आलं. 2020 मध्ये जीई-नाइन-एक्स या प्रचंड इंजिनाला मान्यता मिळाली तेव्हा त्यात तीनशेच्या वर छापलेले भाग होते.

आधी डबी, मग इंजिन. आपल्याला थेट इंजिन हवं असतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने या तंत्राचं राष्ट्रीय धोरण आणलं. 2025 पर्यंत जागतिक बाजारातला 5 टक्के वाटा. 50 देशी तंत्रज्ञानं, 100 नवउद्योग, 500 उत्पादनं. गोल आकडे, मोठे मथळे.

2025 संपलं. हिशेब कुणी मागितला?

आणि मागितलाच, तर 500 उत्पादनं मोजून काय कळणार? मोबाइलचं स्टँड हेही उत्पादन आणि टर्बाइनचं पातं हेही उत्पादन. विमानात बसायला प्रमाणित झालेले भाग किती, हा आकडा मथळ्यात असता, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

शाळांचंच बघा. अटल टिंकरिंग लॅबमधून थ्रीडी प्रिंटर शाळाशाळांत पोचले. मुलं की-चेन छापतात, शिवाजी महाराजांची मुद्रा छापतात. छान आहे. पुढच्या तासाला त्यांना दोन सारख्या पट्ट्या छापायला सांगा, एक उभी, एक आडवी. दोन्हींना बादली टांगा आणि थोडं थोडं पाणी ओतत जा. उभी पट्टी थरांच्या जोडावर लवकर तुटेल. किती पाण्याला तुटली, ते वहीत लिहायला सांगा.

त्या दिवशी वर्गात पहिला विमान अभियंता तयार होईल. की-चेनने होणार नाही.

मराठी हातांना ही शिस्त जमत नाही, असंही नाही. 14 फेब्रुवारी 2015 ला चाकणला जीईच्या कारखान्याचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. तिथे विमान इंजिनांचे भाग बनतात, लीपचेही. मायक्रॉनमध्ये मापं, प्रत्येक भागाची नोंद, चुकीला माफी नाही. आपलीच पोरं हे रोज करतात.

पण आराखडा कुणाचा? चाचण्यांचा डेटा कुणाचा? परवानगी कुणाच्या नावावर? तिन्ही उत्तरं समुद्रापलीकडची. आपल्या वाट्याला काम येतं, मालकी येत नाही. ही मालकी यंत्र विकत घेऊन मिळत नाही. ती तोडलेल्या तुकड्यांच्या वह्यांत असते.

आता प्रमाणपत्राकडे वळू. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की आधी एजंट आठवतो. पीयूसीचा कागद कुठे आणि कसा मिळतो, हे पेणपासून रोह्यापर्यंत कुणाला सांगायला हवं? गाडीचा धूर नळीला दाखवला नाही तरी कागदावर सगळं ठीकठाक.

म्हणून विमानाच्या प्रमाणपत्राबद्दलही दोन तट पडतात. एक म्हणतो, ही बाबूंची आडकाठी आहे, काढून टाका. दुसरा म्हणतो, शेवटी शिक्काच तो, मिळेल कुठूनतरी. दोघांच्याही हातात विमान देऊ नये.

पहिल्या तटाचा राग मला कळतो. अमोल यादवांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईकरांनी डोळे भरून पाहिलं. नोंदणी मिळाली 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये. एवढ्या वर्षांत एका माणसाची उमेद किती खर्ची पडली असेल!

तिथे संतापायलाच हवं. पण कशावर, ते नीट ठरवा. उत्तर द्यायला वर्षं लावली, हा दोष. 'हे विमान सुरक्षित आहे हे दाखव' असं विचारलं, हा दोष नाही.

ही परवानगी देणाऱ्या डीजीसीए या आपल्या विमान नियामकाकडे माणसंच नाहीत, ही खरी रड. संसदीय समितीने 2025 मध्ये सरकारला स्पष्ट दाखवून दिलं की तिथली जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत. 1 जानेवारी 2025 पासून 1934 चा जुना कायदा गेला आणि भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. विमानाच्या आराखड्यावरची देखरेखही त्यात आली. कायदा नवा, खुर्च्या रिकाम्या.

पावडर, लेझर आणि धातूचा थकवा हे तिन्ही एकत्र समजणारे अभियंते तिथे किती आहेत? आपल्या खासदारांनी लोकसभेत एवढा एकच प्रश्न विचारावा. लेखी उत्तर मागावं.

दुसऱ्या तटाला, म्हणजे शिक्का मिळेल कुठूनतरी म्हणणाऱ्यांना, पेणमध्ये येऊ द्या.

पेण अर्बन बँकेचं लेखापरीक्षण वर्षानुवर्षं होत होतं. बोगस कर्जं कागदावर सुखाने नांदत होती. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि जवळपास दोन लाख ठेवीदारांच्या पायाखालची जमीन सरकली. कुणाचं लग्न अडलं, कुणाचं ऑपरेशन.

कागद जागेवर होता. पैसे नव्हते.

विमानांच्या जगातही असा कागद फिरून गेला. 2023 मध्ये पोर्तुगालच्या टॅप या विमान कंपनीच्या तंत्रज्ञांना शंका आली. कागद म्हणत होता भाग नवा आहे, भाग म्हणत होता मी जुना आहे. चौकशी लंडनच्या एओजी टेक्निक्स नावाच्या पुरवठादारापर्यंत गेली. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सीएफएम-56 इंजिनांसाठी त्यांनी खोट्या कागदपत्रांवर हजारो भाग विकले होते. कित्येक देशांत विमानं उभी करून इंजिनं उघडावी लागली.

तिथे निदान वापराच्या खुणा दिसल्या. छापलेल्या भागाचा कागद खोटा असेल, तर तंत्रज्ञाच्या नजरेला काय दिसणार? नवा, चकचकीत, मापात बसणारा भाग. ज्या वस्तूचा खोटेपणा डोळ्याला दिसत नाही, तिचा कागद सोन्यासारखा जपावा लागतो.

बरं, कागद खरा, कंपनी मोठी, चाचण्या झालेल्या. तरीही?

प्रॅट अँड व्हिटनीला विचारा. एअरबसच्या निओ विमानांना बसणाऱ्या त्यांच्या इंजिनात पावडरीच्या धातूपासून घडवलेल्या चकत्या असतात. छापलेल्या नव्हेत, दाबून घडवलेल्या. पण मूळ तेच, पावडर. 2015 च्या अखेरीपासून 2021 पर्यंतच्या पावडरीत सूक्ष्म अशुद्धी शिरली होती. तिच्यामुळे चकतीला अकाली तडा जाऊ शकतो, हे 2023 मध्ये जाहीर झालं. 600 ते 700 जादा इंजिनं विमानांवरून उतरवून तपासायची वेळ आली. इंडिगोची डझनावारी विमानं जमिनीवर बसून राहिली.

अशुद्धी डोळ्यांना न दिसणारी. तिकिटाचा भाव मात्र सगळ्यांना दिसला.

पण या गोष्टीत एक बाजू कुणी सांगत नाही. कुठल्या चकतीत कुठल्या काळातली पावडर आहे, हे नोंदवहीत होतं. म्हणून नेमकी इंजिनं शोधून उतरवता आली. नोंद नसती तर? सगळी उतरवायची, की एकही नाही?

आपल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये धातूचा प्रिंटर येईल तेव्हा पावडरीचा डबा कधी उघडला, कितव्यांदा चाळला, त्या दिवशी खोलीत आर्द्रता किती होती, हे कोण लिहिणार? कोकणातला जुलै महिना पावडरीला माफ करत नाही. ही वही कंटाळवाणी आहे. तिच्यावर माणसांचे जीव आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं परवडणार कुणाला? बरोबर. रोह्याजवळच्या धाटावच्या वर्कशॉपवाल्याने 299 तुकडे स्वतःच्या खिशातून तोडावेत, भट्टीचं भाडं भरावं, सीटी स्कॅनचे पैसे द्यावेत आणि मग दोन वर्षं परवानगीची वाट पाहावी? तो रासायनिक कारखान्यांचे पाइप जोडतो तेच बरं म्हणेल. त्याचं चुकतं का?

चुकतं ते धोरण करणाऱ्यांचं. प्रत्येकाने तेच तुकडे पुन्हा का तोडावेत?

अमेरिकेने यावर तोडगा काढला आहे. कॅन्ससमधल्या विचिटा स्टेट विद्यापीठात एनकॅम्प नावाचा कार्यक्रम चालतो. एफएएच्या देखरेखीखाली ते एखाद्या पदार्थाच्या चाचण्या एकदाच, व्यवस्थित करतात आणि आकडे खुले करतात. छपाईत वापरलं जाणारं अल्टेम 9085 हे प्लॅस्टिक त्यांनी असंच पारखलं. मग छोट्या कारखान्याला सगळा डोंगर चढावा लागत नाही. 'माझ्या यंत्रावरचे तुकडे या आकड्यांशी जुळतात' एवढंच थोडे तुकडे तोडून दाखवायचं.

खर्च सरकारचा एकदा, फायदा सगळ्यांचा कायमचा. यात न समजण्यासारखं काय आहे?

आपण मात्र यंत्र घ्यायला अनुदान देतो. यंत्र येतं, प्लॅस्टिकच्या आवरणात राहतं, वॉरंटी संपते. अनुदानाच्या अर्जावर चाचणीच्या खर्चाचा रकाना का नको? यंत्राला दिलेल्या दर रुपयामागे तुकडे तोडायला आठ आणे द्या.

अशा चाचण्यांसाठी जागा शोधायलाही लांब जायला नको. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पवईला आयआयटी आहे, चाकणला कारखाने आहेत, ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आहे. लष्करी विमानांच्या भागांना मान्यता देणारी सेमिलॅक बंगळूरला आहे, तिची माणसं महिन्यातून दोन दिवस लोणेऱ्याला येऊन बसली तर आकाश कोसळणार नाही. रायगडात विमानतळ आला म्हणून जमिनींचे भाव वाढले. त्याच विमानतळाच्या नावाने जिल्ह्यात धातू थकवणारी दहा यंत्रं बसवा म्हणावं, ती चोवीस तास चालू द्या. आयटीआयच्या पोरांना तिथे पाळीवर घ्या, पगार द्या, नोंदवह्या त्यांच्या हातात द्या.

सुरुवात कुठल्या धातूपासून, म्हणून समिती नेमू नका. विमानासाठी छापायला जगभर सर्वाधिक वापरात असलेले दोन धातू ठरलेले आहेत. निकेलचा इन्कोनेल 718 आणि टायटॅनियमचा सिक्स-फोर. पहिल्या वर्षी फक्त हे दोन घ्या. उभे, आडवे आणि तिरके तुकडे छापा, निम्मे कोकणच्या पावसाळ्यात, निम्मे उन्हाळ्यात. सगळे तोडा. आणि तुटल्याचे आकडे, चांगले असोत वा वाईट, कुणालाही विनामूल्य वाचता येतील असे छापा.